लिव्हरवरचा तीळ

हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पर्समध्ये एखादा तरी रिपोर्ट असतो, हे वल्लरीला बंगळुरात, व्हाइटफील्डला राहायला आल्यापासून पाठ झालं होतं. पुण्याहून आलेली रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे फोटो बघून आतलं सांगणारी डॉक्टर, आणि वर मराठी बोलणारी. मग काय विचारता! कुणाचा गुडघा, कुणाच्या सासऱ्यांची छाती, कुणाच्या सुनेची सोनोग्राफी. एका हातात अत्तरदाणी आणि दुसऱ्या हातात एक्स-रे अशी तिची दर संक्रांत जायची. तिला ते आवडायचंही, खोटं कशाला बोला. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका "आमची डॉक्टर" म्हणाल्या की बाईसाहेबांचा चेहरा असा खुलायचा की कुणी बघत राहावं.

त्या वर्षी शिवलीला आली ती यशवंतपूरहून, मॅजेस्टिकला मेट्रो बदलून, चांगली दीड तासाची वाट तुडवून. मूळची निपाणीची. यशवंतपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. आत येणारा प्रत्येक खोका आधी कुणीतरी उघडून बघायचा, आणि कुणी बघितला त्याचं नाव कागदावर घातल्याशिवाय तो मांडणीवर चढवायचा नाही, असा तिचा खाक्या होता. मंडळाच्या सहलीत पाण्याच्या बाटल्यासुद्धा तिनं मोजून, नाव लिहून घेतल्या होत्या. बायका तिला त्यावरून चिडवायच्या आणि ती हसायची. वल्लरीपेक्षा पाचेक वर्षांनी लहान, पण "डॉक्टरअक्का" म्हणून अशी हाक मारायची की परकेपणा दारातच गळून पडावा.

"डॉक्टरअक्का, एवढं बघता काय जरा?" तिनं पिशवीतून भलं मोठं पाकीट काढलं. "पोटात दुखत होतं म्हणून खडे आहेत का बघायला गेले. खडे न्हाईत. पण लिव्हरवर कायतरी आहे म्हणाले, मग सीटी काढला. आता म्हणतात एमआरआय पण करा. ह्यांना तर रात्रभर झोप न्हाई."

घरात तीस बायका. अर्ध्यांच्या हातात वाण पडायचं होतं. वल्लरीनं तिळगुळाचा डबा काखेत धरला, बाल्कनीच्या काचेच्या दाराशी जाऊन फिल्म उजेडात धरली आणि मान तिरकी करून बघितलं. उजव्या बाजूला, अगदी कडेला, दोन काळपट गाठी. कागदावर लिहिलं होतं, बहुधा रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गोळा. खात्रीसाठी एमआरआय करावा.

"अगं, हा तीळ आहे," वल्लरी म्हणाली. "अंगावर असतो ना, तसा लिव्हरवर. जन्मापासूनचा. शंभरातल्या चारपाच बायकांना असतो, त्यांना कधी कळतही नाही."

"मग एमआरआय?"

"काही गरज नाही. ते सेंटरवाले लिहीतच असतात. त्या मशीनच्या बोगद्यात कशाला पाऊण तास पडून राहतेस?"

शिवलीलाच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की वल्लरीलाच भरून आलं. मागून कुणीतरी ओरडलं, "संक्रांतीला तीळच निघाला की हो!" आणि सगळ्या हसल्या. शिवलीला सगळ्यांत मोठ्यांदा हसली. वल्लरीनं तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. तो गोड बोलायचा दिवस होता, आणि वल्लरी गोड बोलली होती.

आता खरं सांगायचं तर गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. फिल्म खाली घेताघेता वल्लरीला आणखी काहीतरी दिसलं होतं. मोठ्या गाठीपाशी लिव्हरची कड आत ओढल्यासारखी झाली होती. कणकेच्या गोळ्यावर अंगठा टेकवावा तसा एक लहानसा खड्डा. निरुपद्रवी गोळा कड बाहेर फुगवेल, आत ओढणार नाही, हे ती दर वर्षी शिकाऊ डॉक्टरांना शिकवायची. तिची नजर त्या खड्ड्यापाशी थांबली. दोन सेकंद थांबली असेल, फार तर तीन. मग ती मनात म्हणाली की फिल्म स्वस्तातली आहे, घडी पडलेली आहे, आणि दारात नव्या बायका आल्या म्हणून त्यांना सामोरी गेली.

त्यानंतर बावीस महिने गेले.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी वल्लरीनं हॉस्पिटलात कॉम्प्युटर उघडला आणि तपासण्यांच्या यादीत चौथं नाव वाचलं. शिवलीला. वय एकेचाळीस. वजन अकरा किलो कमी, उजव्या कुशीत वेदना. पोटविकाराच्या कुठल्याशा डॉक्टरांनी पाठवलेली, एकाच आठवड्यात तीन तपासण्यांसाठी: औषध टोचून सोनोग्राफी, एमआरआय आणि अंगात कॅन्सर कुठे चमकतो ते दाखवणारा पेट स्कॅन. वल्लरीच्या पोटात खड्डा पडला. शब्दही नेमका तोच डोक्यात आला आणि ती स्वतःवरच चिडली.

सोनोग्राफी दुसऱ्या कुणाला देता आली असती. तिनं दिली नाही. आता ह्याला धाडस म्हणा, नाहीतर झाकपाक म्हणा. तिला स्वतःलाही ते धड सांगता आलं नसतं.

शिवलीला टेबलावर आडवी झाली तेव्हा ओळखू येत नव्हती. गालफडं बसलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या. हसू मात्र तेच.

"डॉक्टरअक्का! बरं झालं तुम्हीच हाय. ह्यांना म्हटलं, आता काय काळजी न्हाई, तिथं आपलं माणूस आहे."

वल्लरीनं जेल लावलं. नर्सनं हाताच्या शिरेतून औषध सोडलं. हे औषध म्हणजे बारीक बारीक बुडबुडे. रक्ताबरोबर लिव्हरमध्ये शिरतात आणि कुठल्या गाठीत रक्त कसं जातं-येतं ते पडद्यावर चमकून दाखवतात. निरुपद्रवी गोळा असता तर बुडबुडे कडेनं आत झिरपत गेले असते आणि आत मुरले असते. इथं गाठीभोवती नुसतं कडं चमकलं आणि दीड मिनिटात विझलं. शेजारी दुसरं कडं. त्याच्या खाली तिसरं.

"तीळच हाय न्हवं?" शिवलीलानं छताकडे बघत विचारलं. "तो मोठा झालाय काय? ते डॉक्टर मला विचारत होते, आधी कधी काय दाखवलं होतं का म्हणून. मी म्हटलं, व्हय, तीळ आहे, आमच्या डॉक्टरअक्कांनी बघितलाय. ते कायच बोलले न्हाईत."

"श्वास धर," वल्लरी म्हणाली.

एमआरआय झाला, पेट झाला. गुरुवारी दुपारी वल्लरी तिन्ही घेऊन बसली. एकेकटं बघितलं तर प्रत्येक तपासणी आपापलं अर्धवट सांगत होती. सोनोग्राफीत कडी. एमआरआयमध्ये वर्तुळात वर्तुळ, आणि कडेला ते खड्डे, आता एक नव्हे, चार. पेटमध्ये मंद पिवळट ठिणग्या, धड भडकलेल्या नाहीत, धड विझलेल्याही नाहीत. मग तिनं मशीनला सांगून एमआरआयवर पेट चढवला, श्वासानं सरकलेली लिव्हरची कड हातानं जुळवून घेतली, बाजूला सोनोग्राफी लावली, आणि एकेक गाठ तिन्ही ठिकाणी शोधून आकडा टाकत गेली. नऊ झाल्या. सगळ्या कडेकडेनं, आणि दोन ठिकाणी लिव्हरमधली शीर अगदी गाठीच्या तोंडाशी येऊन बंद पडलेली.

तिच्या मनात एक नाव आलं. फार क्वचित होणारा ट्यूमर. दहा लाखांत एखाद्याला. रक्तवाहिन्यांच्याच पेशींपासून होतो, सावकाश वाढतो, कडेनं वाढतो, कड आत ओढतो. हा असेल तर लिव्हर बदलून माणूस जगू शकतो. पण दुसऱ्या कुठल्या तरी अवयवातला कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला तरी चित्र पुष्कळसं असंच दिसतं, आणि मग शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. दोन्हींतला फरक सांगणारी एक साधी गोष्ट असते: हे किती दिवसांपासून आहे? पसरलेला कॅन्सर बावीस महिने सबुरीनं घेत नाही.

आणि बावीस महिन्यांपूर्वीची फिल्म होती. वल्लरीनं ती उजेडात धरली होती.

रिपोर्टाचा साचा कॉम्प्युटरमध्ये तयार असतो. त्यात तिसरी ओळ आपोआप येते: "तुलनेसाठी जुनी तपासणी उपलब्ध नाही." असेल तर खोडायची, नसेल तर राहू द्यायची. वल्लरीनं ती ओळ लिहिली नाही, देवाशपथ नाही लिहिली. फक्त खोडली नाही. खाली सही केली आणि रिपोर्ट पुढे सरकवला. बघा कसं असतं, माणूस हात न लावताही खोटं बोलू शकतो.

पुढच्या बुधवारी लिव्हरच्या डॉक्टरांची बैठक होती. सर्जन डॉक्टर नागराज मूळचे चिक्कोडीकडचे, मराठी घरच्यासारखी बोलायचे, तापले की मध्येच कन्नड घुसायचं. शिवलीलाच्या गाठीचा तुकडा काढून तपासला होता, त्याचा कागद त्यांच्या पुढ्यात होता. नुसता कडक व्रणासारखा भाग, त्यात मोजक्या पेशी, कॅन्सर दुसरीकडून पसरला असण्याची शक्यता. खात्रीनं सांगता येत नाही.

"मूळ कुठं ते पेटमध्ये सापडत नाही," नागराज म्हणाले. "नऊ गाठी. मला वाटतं कॅन्सरची औषधं सुरू करावीत. ऑपरेशनचं नाव काढू नये. वल्लरी मॅडम, तुम्हाला वेगळं वाटतं का? तुम्ही रिपोर्टात दोन शक्यता दिल्या आहेत."

"मला तो दुर्मीळ रक्तवाहिन्यांचा ट्यूमर वाटतो."

"वाटण्यावर लिव्हर बदलता येत नाही हो. जुनं काही असतं तर बोललो असतो. हिचा आधीचा एकही फोटो नाही?"

वल्लरीनं पाण्याचा ग्लास उचलला. "बघते," ती म्हणाली.

"स्वल्प लवकर बघा. सोमवारपासून औषध सुरू करायचंय."

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. ईशान एका आयटी कंपनीत होता. कुठल्याही अडचणीकडे तो सुटसुटीत बघायचा, आणि एरवी तिला त्याचा आधार वाटायचा.

"तू काही लिहून दिलं होतंस का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"फी घेतली होतीस?"

"वेड लागलंय का तुला? हळदीकुंकू होतं."

"मग प्रश्न कुठे आहे? घरगुती बोलणं होतं. त्या सेंटरनं एमआरआय करा म्हणून लेखी दिलं होतं, तिनं केला नाही. कायद्यानं तुझ्यावर काहीही येत नाही."

"कायद्याचं कोण बोलतंय, ईशान!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की त्यानं चमचा खाली ठेवला. "मला तो खड्डा दिसला होता. मी बघितला आणि मला तो बघायचा नव्हता. घरात पाहुण्या होत्या, मला कौतुक करून घ्यायचं होतं. दोन गाठी होत्या तेव्हा. दोनच."

तिची आमटी तशीच ताटात गार झाली.

शनिवारी दुपारी ती मेट्रोनं यशवंतपूरला गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर शिवलीलाचं घर. दार तिच्या नवऱ्यानं, दयानंदनं उघडलं. त्याच कारखान्यात तो मशीनवर होता, आणि बायकोच्या आजारपणात त्यानं दाढी करणंच सोडलेलं दिसत होतं.

"या की मॅडम! एवढ्या लांब कशाला आलात? फोन केला असता तर मी आणून दिलं असतं."

शिवलीला कॉटवर उशीला टेकून बसली होती. वल्लरीला बघून उठायलाच लागली. "अहो, चहा ठेवा की," तिनं नवऱ्याला सांगितलं. "आणि त्या डब्यातल्या चकल्या काढा. डॉक्टरअक्का पहिल्यांदा आल्यात आपल्या घरी."

"चहा नको, शिवलीला. ती जुनी फिल्म आहे का तुझ्याकडे? संक्रांतीला दाखवली होतीस ती."

"असणार न्हाई तर काय? माझ्याकडनं कागद हरवलाय कधी?" ती खरंच दुखावल्यासारखी झाली. तिनं दयानंदला कपाटातली हिरवी फाइल दाखवली. पाकीट बरोबर त्याच जागी होतं. तिनं ते वल्लरीच्या हातात दिलं.

पाकिटावर शिवलीलाच्या टपोऱ्या अक्षरांत तारीख होती आणि तिच्याखाली तीन ओळी.

तीळ आहे.
एमआरआय नको.
डॉ. वल्लरी यांनी पाहिले.

"आमच्या स्टोअरची सवय, दुसरं काय," शिवलीला म्हणाली. "खोका कुणी बघून घेतला त्याचं नाव घालायचं. खरं तर खाली सही पण घेतो आम्ही. पण घरच्या माणसाची कुठं सही मागायची, म्हणून सोडलं."

दयानंद चहा घेऊन आला. "हिला गेल्या वर्षी परत दुखालं होतं," तो म्हणाला. "मी म्हटलं, चल दाखवू. तर मलाच हे पाकीट काढून दाखवलं. बघा, लिहिलंय, म्हणाली. मी गप्प बसलो."

वल्लरीनं चहा प्यायला. सांगायचं ते तिच्या ओठापर्यंत आलं, पण दयानंद चकल्यांची बशी पुढे करून उभा होता, आणि तिनं एक चकली उचलली. हो, उचलली आणि खाल्लीही. त्याबद्दल तिला पुढे पुष्कळ दिवस सगळ्यांत जास्त लाज वाटली.

परतीच्या मेट्रोत पाकीट मांडीवर होतं. बैठकीत नुसती फिल्म नेली तरी काम भागणार होतं. पाकीट कुणी मागणार नव्हतं. फिल्मवर शिवलीलाचं नाव आणि तारीख होती, उजेडावर लावली की गाठी बोलल्या असत्या आणि वल्लरीचं नाव कुठेच आलं नसतं. मॅजेस्टिकपर्यंत तिनं हा विचार केला. मॅजेस्टिकला गाडी बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून तोच विचार केला.

सोमवारी सकाळी आठ वाजता, औषध सुरू व्हायच्या आधी, तिनं नागराजांना आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीवरच्या दिव्यावर फिल्म लावली, शेजारच्या पडद्यावर आत्ताचे एकावर एक चढवलेले फोटो. आणि पाकीट टेबलावर ठेवलं, लिहिलेली बाजू वर करून.

नागराज आधी फिल्मशी गेले. "अय्यो," ते हळूच म्हणाले. "दोन. आणि हा बघा खड्डा! बावीस महिने, दोनाच्या नऊ, मोठी गाठ जेमतेम दीडपट झालीय. हा पसरलेला कॅन्सर नव्हे, मॅडम. तुमचं बरोबर होतं. त्या तुकड्यावर रक्तवाहिन्यांच्या पेशी ओळखणारे रंग घालायला सांगतो, त्याशिवाय औषधाचा थेंब नाही." मग ते वळले. "पण हे होतं कुठे? तुम्ही तर उपलब्ध नाही म्हणून लिहिलं होतं."

वल्लरीनं बोटानं पाकीट त्यांच्याकडे सरकवलं.

त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"रिपोर्ट मी बदलून देते," वल्लरी म्हणाली. "ती ओळ खोटी आहे, तसं लिहूनच बदलते."

"बदला. बदलायलाच हवा." त्यांचा आवाज कोरडा झाला होता. मग जरा नरमले. "पेशंटला मी सांगेन की जुनी फिल्म सापडली आणि तिच्यामुळे निदान झालं. ते खोटं नाही. बाकीचं तिला कळून तिचा फायदा काय? ती तुम्हाला देव मानते हो."

"म्हणूनच," वल्लरी म्हणाली.

दहा दिवसांनी रंगांचा निकाल आला. तोच दुर्मीळ ट्यूमर निघाला. फुप्फुसं, हाडं मोकळी होती. लिव्हर बदलायचं ठरलं, आणि निपाणीहून शिवलीलाचा भाऊ परसू आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला म्हणून तपासणीला येऊन दाखल झाला. आशा होती, खरी आशा होती. नागराजांनी शिवलीलाला सगळं नीट समजावलं, आणि म्हणे, उठताना तिनं त्यांच्याऐवजी वल्लरीचेच आभार मानले. ते ऐकून वल्लरीनं त्याच दिवशी दुपारी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दयानंद परसूबरोबर रक्त द्यायला खाली गेला होता. खोलीत दोघीच.

"डॉक्टरअक्का, तुम्ही नसता तर..." शिवलीलानं हात जोडले.

"हात खाली कर," वल्लरी म्हणाली. "आधी ऐकून घे. मग काय म्हणायचं ते म्हण."

तिनं फिल्म दिव्यावर लावली. खड्ड्यावर बोट ठेवलं. "हे त्या दिवशी मला दिसलं होतं. बाल्कनीच्या दाराशी. हे असं दिसलं की तीळ म्हणायचं नसतं, एमआरआय करायचाच असतो, हे मला माहीत होतं. मी तीळ म्हटलं. आणि गेल्या महिन्यात तुझ्या रिपोर्टात जुनी फिल्म नाही असं राहू दिलं, ती आहे हे माहीत असताना. माझं नाव येऊ नये म्हणून. त्यात तुझे दहाबारा दिवस आणखी गेले."

शिवलीला उठून फिल्मजवळ गेली आणि स्वतः त्या खड्ड्यावर बोट ठेवून बघितलं.

"दिसला होता?"

"हो."

"नक्की? का आता वाटालंय?"

"नक्की. मी थांबले होते त्याच्यापाशी."

"आणि मला हातावर तिळगूळ दिलात."

वल्लरीच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवलीलाच्या डोळ्यांत नव्हतं. तिनं पडद्याकडे मान वळवली, जिथे तिच्या लिव्हरचे एकावर एक चढवलेले फोटो होते.

"मोजा," ती म्हणाली.

"काय?"

"किती आहेत ते माझ्यापुढं मोजा. मोठ्यांदा. त्या दिवशी मोजलं न्हाई तुम्ही."

वल्लरीनं बाण एकेका गाठीवर नेला. एक. दोन. तिचा आवाज तीनपाशीच फाटला. शिवलीला थांबून राहिली. चार. पाच. सहाव्यापाशी वल्लरीनं डोळे पुसले आणि पुढे मोजलं. सात, आठ, नऊ.

"तेव्हा?"

"दोन."

"दोनच असताना केलं असतं तर काय झालं असतं?"

"तेवढा भाग कापून काढता आला असता. बहुधा."

"बहुधा नको. गोड नको आता."

"काढता आला असता," वल्लरी म्हणाली. "परसूला यावं लागलं नसतं."

शिवलीला खुर्चीवर बसली. बाहेर कुणीतरी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मग तिनं पर्समधून पेन काढलं, टेबलावरचं नव्या फोटोंचं पाकीट ओढून घेतलं, आणि त्याच टपोऱ्या अक्षरांत, सावकाश, तारीख घालून लिहिलं.

तीळ नाही. नऊ गाठी. कडेला खड्डा.
डॉ. वल्लरी यांनी पाहिले.

लिहून झाल्यावर तिनं पाकीट वल्लरीकडे फिरवलं, पेन त्यावर आडवं ठेवलं आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"इथं सही करा, मॅडम," ती म्हणाली.

वल्लरीनं सही केली.